लिंकन सेंटरचं कारंजं बघायला जाताय? मग क्रम असा ठेवा

लिंकन सेंटर म्हणजे न्यूयॉर्कमधलं ऑपेरा, बॅले आणि संगीताच्या मोठ्या थिएटरांचं आवार. न्यू जर्सीत राहायला लागल्यापासून दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाचे ना कुणाचे आईबाबा येतात आणि मग मला हमखास एक मेसेज येतो, "अगं जाऊन आलो लिंकन सेंटरला, पण ते कारंजं काही विशेष वाटलं नाही गं." मी विचारते, किती वाजता गेला होतात? दुपारी दोन. किती वेळ होतात? दहा मिनिटं. बसलात का? नाही, फोटो काढले आणि टाइम्स स्क्वेअरला गेलो. झालं!

म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन. कुणी बांधलं, पैसे कुणी दिले वगैरे यात काही नाही. एडिसन, इझलिन, जर्सी सिटी या बाजूने येणाऱ्या मराठी घरातल्यांनी, त्यातही सोबत साठीपुढची माणसं असतील तर, काय आधी करायचं आणि काय नंतर, एवढंच.

## १. आधी कारंजं कुठलं ते पक्कं करा

हसू नका, निम्मी गडबड इथेच होते. मॅनहॅटनमध्ये जवळजवळ अंतरावर तीन कारंजी आहेत आणि लोक नुसतं 'न्यूयॉर्कचं फेमस कारंजं' असं शोधतात. सेंट्रल पार्कमध्ये ७२ स्ट्रीटच्या रेषेत परीचा पुतळा असलेलं आहे ते बेथेस्डा. ५९ स्ट्रीटला कोलंबसच्या खांबाभोवती आहे ते कोलंबस सर्कलचं. आणि आपल्याला जायचंय ते लिंकन सेंटरच्या मधल्या चौकातलं, त्याचं नाव रेव्हसन फाउंटन आणि चौकाचं नाव जोसी रॉबर्टसन प्लाझा. त्याच्या तीन बाजूंना तीन मोठी थिएटरं आहेत आणि चौथी बाजू कोलंबस अ‍ॅव्हेन्यूकडे उघडी आहे.

मॅपमध्ये 'लिंकन' एवढंच टाकून पहिलं नाव दाबू नका, लिंकन टनेल येईल. माझ्या चुलतसासऱ्यांना तर इथे अब्राहम लिंकनचा पुतळा बघायचा होता, तो वॉशिंग्टनला! मॅपमध्ये सरळ मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस टाका, त्याच्या दारासमोरच कारंजं आहे.

आणखी एक, घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दुबईसारखा गाण्यावर नाचणारा प्रचंड शो इथे नसतो. गंमत म्हणजे दुबईचं आणि लास व्हेगसचं बेलाजिओचं कारंजं ज्या वेट नावाच्या कंपनीने केलंय तिनेच २००९ मध्ये हे नव्याने बसवून दिलं, पण याचा स्वभावच वेगळा आहे. ते लांब उभं राहून बघायचं असतं, हे जवळ बसून.

## २. दिवस आणि वेळ

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. सूर्यास्ताच्या साधारण एक तास आधी पोचायचं आणि अंधार पडल्यावर निघायचं. दोन-अडीच तास हातात ठेवा.

का, तर ऑपेरा हाउस चौकाच्या पश्चिमेला आहे. दुपारनंतर सूर्य त्याच्या मागे जातो, म्हणजे तुम्ही कारंज्याकडे बघता तेव्हा ऊन डोळ्यात, फोटोत चेहरे काळे आणि इमारत नुसती करडी भिंत. ऑपेरा हाउसच्या दर्शनी काचेमागे चित्रकार मार्क शगालची दोन प्रचंड चित्रं आहेत, प्रत्येक साधारण ३० फूट बाय ३६ फूट, डावीकडचं लालसर आणि उजवीकडचं पिवळसर, ती दिवसा बाहेरून धड दिसत नाहीत. सकाळी तर ऊन थेट काचेवर येतं म्हणून त्यांच्यावर पडदे ओढलेले असतात. संध्याकाळी आतले दिवे लागले की इमारतीच्या पाचही कमानी उजळतात, चित्रं बाहेरून दिसायला लागतात, आणि त्याच वेळी कारंज्यातले दिवेही डोळ्यात भरायला लागतात.

सूर्यास्ताचा अंदाज असा: जूनच्या शेवटी साडेआठ, ऑगस्टच्या मध्याला आठच्या जरा आधी, सप्टेंबरच्या मध्याला सातच्या सुमारास, ऑक्टोबर संपताना सहाच्या आत आणि डिसेंबरमध्ये चक्क साडेचार. उन्हाळ्यात आलेल्या आईबाबांना घेऊन 'संध्याकाळी पाचला' गेलात तर ती इथली दुपारच असते, हे भारतातून आलेल्यांच्या पटकन लक्षात येत नाही.

आता दिवस कुठला निवडायचा. सप्टेंबरच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत ऑपेराचा सीझन असतो. ज्या दिवशी संध्याकाळी शो असतो त्या दिवशी शोच्या आधीचा तासभर चौकात खरी जान येते, नटूनथटून आलेले लोक, कुणी कुणाची वाट बघतंय, कुणी तिकीट शोधतंय. तिकीट नसलं तरी हे बघायला मिळतंच, आणि फुकट.

उन्हाळ्यात प्रकरण वेगळं असतं. २०२२ पासून 'समर फॉर द सिटी' नावाचा मोठा कार्यक्रम असतो, तेव्हा चौकात डान्स फ्लोअर टाकतात, कारंज्यावर भलामोठा डिस्को बॉल लटकलेलाही मी पाहिलाय. नाचायला आवडत असेल तर धमाल आहे. पण मोकळ्या चौकातलं शांत कारंजं डोक्यात घेऊन गेलात तर वाटेल हे काय मांडून ठेवलंय. ऑगस्टच्या शेवटी चौकात खुर्च्या मांडून मोठ्या पडद्यावर ऑपेराची रेकॉर्डिंग्ज फुकट दाखवतात, तेव्हाही मोकळी जागा विसरा.

आणि ११ सप्टेंबरला सकाळी चुकून तिथे पोचलात तर कारंज्याभोवती पांढऱ्या कपड्यांतले नर्तक वर्तुळात दिसतील. हल्ल्यात गेलेल्यांच्या आठवणीत करतात ते, ८ वाजून ४६ मिनिटांपर्यंत, म्हणजे पहिलं विमान धडकलं त्या वेळेपर्यंत. तिथे सेल्फी काढू नका, मागे शांत उभे राहा.

निघायच्या आदल्या दिवशी: लिंकन सेंटरच्या साइटवर त्या तारखेला चौकात काय आहे ते बघा. मग मॅपवर लोकांनी नुकतेच टाकलेले फोटो बघा, म्हणजे पाणी चालू आहे का, मंडप-बिंडप पडलाय का ते कळतं. कडाक्याच्या थंडीत, जोरदार वाऱ्यात किंवा दुरुस्ती चालू असेल तर पाणी बंद असू शकतं, त्यामुळे जानेवारीत फक्त कारंज्यासाठी एवढा प्रवास करू नका.

## ३. बॅगेत काय घ्यायचं

कमी घ्या. पण पुढच्या गोष्टी विसरलात तर मला नावं ठेवू नका.

एक जुना नॅपकिन, बसायची जागा पुसायला. एक पातळ जॅकेट किंवा शाल प्रत्येकाला, जुलै असला तरी, कारण संध्याकाळी हडसन नदीकडून वारा येतो आणि त्यात तुषार अंगावर आले की हुडहुडी भरते. चष्मा असेल तर पुसायचं कापड. वयस्कर माणसांसाठी पातळ उशी किंवा घडी केलेला टॉवेल, कारण बसायला ग्रॅनाइट आहे आणि पाठ टेकायला काही नाही. चपला-सँडल सपाट आणि ग्रिपच्या, ओल्या फरशीवर घसरायला होतं.

खायला कोरडंच घ्या. मेथीचे ठेपले, दशम्या, चिवडा चालेल. एकदा आम्ही दहीभात नेला होता, सबवेमध्ये डब्याचं झाकण उघडलं आणि माझ्या पर्सची जी काही दशा झाली ती झाली.

भारतातून आलेल्यांच्या कार्डाचं एक: टॅप करून पैसे द्यायचे असतील तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'इंटरनॅशनल' आणि 'कॉन्टॅक्टलेस' दोन्ही चालू आहे का ते घरीच बघा, आपल्याकडे ते बऱ्याचदा बंदच असतं आणि गेटपाशी उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात काही मजा नाही.

## ४. न्यू जर्सीहून पेन स्टेशनपर्यंत

गाडीने जाऊ नका असंच मी सांगेन. लिंकन सेंटर ६२ स्ट्रीटच्या वर आहे आणि कंजेशनचा टोल (मॅनहॅटनच्या गर्दीच्या भागात गाडी नेण्याचा) ६० स्ट्रीट आणि त्याखाली लागतो, म्हणजे चौक टोलच्या बाहेर. पण लिंकन टनेलमधून आलात की तुम्ही टोलच्या हद्दीतच वर निघता. जायचंच असेल तर जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज घेऊन हेन्री हडसन पार्कवेने खाली या. पार्किंग लिंकन सेंटरच्या खालीच आहे, पैसे मात्र पोटात गोळा येईल इतके.

ट्रेनने येताना मेट्रोपार्क किंवा एडिसनहून एनजे ट्रान्झिटच्या नॉर्थईस्ट कॉरिडॉर लाइनची गाडी, पाऊण ते एक तास. अ‍ॅपवर तिकीट काढलं असेल तर गाडीत चढण्याआधी ते अ‍ॅक्टिव्हेट करा.

इथे सगळ्यात जास्त माणसं चुकतात: न्यूअर्क पेन स्टेशन वेगळं आणि न्यूयॉर्क पेन स्टेशन वेगळं. गाडीतली घोषणा ऐकायला दोन्ही सारखीच वाटते. एका मैत्रिणीचे आईबाबा पहिल्यांदाच एकटे निघाले होते, 'पेन स्टेशन' ऐकलं आणि उतरले, आणि तिथून फोन, "आम्ही पोचलो, पण उंच बिल्डिंगा कुठायत?" न्यूअर्कला होते!

ओळखायची खूण सोपी आहे. न्यूअर्क एअरपोर्ट, मग न्यूअर्क पेन, मग बहुतेक गाड्यांना सिकॉकस, आणि त्यानंतर गाडी बोगद्यात शिरते, बाहेर काळाकुट्ट अंधार. बोगदा लागून गेल्याशिवाय कुणीही उठायचं नाही, एवढंच घरच्यांना पाठ करायला लावा.

जर्सी सिटीवाले पाथ ट्रेनने ३३ स्ट्रीटला येतील, ती सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर सोडते. तिथून ३४ स्ट्रीटवरून सातव्या अ‍ॅव्हेन्यूकडे चालत या, लांब नाही.

## ५. एक नंबरची लोकल, बाकी कुठली नाही

पेन स्टेशनमध्ये दोन सबवे स्टेशनं आहेत. निळ्या गोलातली ए, सी, ई आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला. आपल्याला हवी ती लाल गोलातली १, २, ३ ची, सातव्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला. त्यातही फक्त १, आणि पाटी अपटाउन ची, म्हणजे स्ट्रीटचे नंबर वाढत जातात त्या दिशेची.

गेटवर टॅप करा. एकाच कार्डावर किंवा फोनवर घरातल्या चार जणांना आत घेता येतं, एक आत गेला की पुन्हा टॅप. ४४ इंचापर्यंतच्या पोरांना तिकीट नाही. बाहेर पडताना टॅप करायचं नसतं, मुंबई मेट्रोच्या सवयीने लोक तिथे मशीन शोधत थांबतात.

आता खरी मेख. बऱ्याच स्टेशनांवर लोकल आणि एक्सप्रेस एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात, समोरची आली की चढलं. ३४ स्ट्रीटला तसं नाही. इथे एक्सप्रेस म्हणजे २ आणि ३ मधल्या फलाटावर, आणि लोकल १ बाजूच्या फलाटावर. मधल्या फलाटावर उतरलात की १ समोरून जाताना दिसेल पण चढता येणार नाही, पुन्हा जिने चढून उतरून यावं लागेल. आणि कंटाळून २ किंवा ३ मध्ये चढलात तर ती ६६ ला थांबतच नाही, थेट ७२ ला. रात्री उशिरा २ लोकल होते तेव्हा थांबते, पण जाताना त्या भरवशावर राहू नका.

मोजा: ३४ नंतर ४२, ५०, ५९ आणि चौथं ६६ स्ट्रीट–लिंकन सेंटर. चार बोटं.

७२ ला गेलातच तर घाबरू नका, वर या आणि ब्रॉडवेवरून नंबर कमी होत जातील त्या दिशेने चालत या, दहा-बारा मिनिटं लागतात. गुडघेदुखीवाले सोबत असतील तर मात्र परतीची १ घ्या. वीकेंडला सबवेची कामं चालू असतात, त्यामुळे शनिवारी-रविवारी निघण्याआधी सबवे चालवणाऱ्या एमटीएच्या अ‍ॅपवर १ ची अवस्था बघून घ्या. व्हीलचेअर किंवा जिने नकोत असं असेल तर ३४ आणि ६६ दोन्हीकडे लिफ्ट आहे, ती त्या दिवशी चालू आहे का तेही तिथेच दिसतं.

## ६. वर आल्यावर

६६ ला वर आलात की थोडं गोंधळायला होतं, कारण ब्रॉडवे इथे तिरका येऊन कोलंबस अ‍ॅव्हेन्यूला छेदतो आणि एका जागी चारी बाजूंनी सिग्नल. मॅपचा निळा ठिपका उंच इमारतींमध्ये भरकटतो, त्याच्यामागे फिरत बसू नका. रस्त्यांच्या पाट्या बघा. ६६, ६५, ६४ असा नंबर कमी झाला पाहिजे. ६७ दिसला तर उलटे निघालात.

६५ ओलांडला की उजव्या हाताला रुंद पायऱ्या दिसतील आणि पायऱ्यांवरच्या मोकळ्या जागेतून थेट पाणी. पायऱ्या नको असतील तर बाजूने रॅम्प आहे. समोर पाच कमानींचं ऑपेरा हाउस, उजवीकडे डेव्हिड गेफन हॉल, डावीकडे डेव्हिड कोक थिएटर. घरच्यांना सांगून ठेवा, चुकामूक झाली तर 'कारंज्यापाशी' भेटायचं नाही, कारंजं गोल आहे, दोघं दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना फोन करत बसतात आणि पाण्याच्या आवाजात ऐकू काही येत नाही. 'ऑपेराच्या मधल्या कमानीखाली' असं ठरवा.

## ७. कारंज्याकडे जायच्या आधी बाथरूम

कारंजं दिसलं की सगळे तिकडे धावतात आणि पंधरा मिनिटांनी कुणीतरी कानात येऊन सांगतं. पाण्याचा आवाज ऐकून ते होतंच, त्याला इलाज नाही. म्हणून आधी.

ब्रॉडवेवर ६२ आणि ६३ च्या मध्ये डेव्हिड रुबेनस्टाइन एट्रियम आहे, आत जायला पैसे नाहीत, बाथरूम आहे, बसायला जागा आहे. म्हाताऱ्या माणसांना प्रवासानंतर पंधरा मिनिटं इथे बसवा. डेव्हिड गेफन हॉलची लॉबीही २०२२ च्या नूतनीकरणानंतर लोकांसाठी उघडी असते, तिथे भिंतभर मोठा पडदा आहे आणि काही वेळा आत चाललेली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची कॉन्सर्ट त्यावर फुकट दिसते. थंडीत याच्यासारखी जागा नाही.

खाणंही आत्ताच उरकून घ्या. कारंज्याच्या कट्ट्यावर डबे उघडू नका, वारा आला की चिवडा तुषारांत भिजतो आणि तिथल्या चिमण्या-कबुतरं काय सोडत नाहीत. ऑपेराच्या उजव्या बाजूने आत गेलं की हर्स्ट प्लाझा लागतो, तिथे उथळ पाण्याचं मोठं तळं आहे आणि त्यात हेन्री मूरचं ब्राँझचं शिल्प, तिथे टेकायला जागा मिळते. गर्दी कमी, वाराही कमी. माझ्या मते तो कोपरा कारंज्याइतकाच छान आहे, पण तिथे कुणी जातच नाही.

## ८. कोरडी बाजू शोधा आणि बसा

आता या कारंज्यापाशी. भोवती काळ्या ग्रॅनाइटचं एक जाड कडं आहे, खालून आत ओढून घेतलेलं, त्यामुळे ते जमिनीपासून सुटून तरंगतंय असं वाटतं. तेच बसायचं. पण जागा दिसली की लगेच टेकू नका, गर्दीत एखादा भाग रिकामा का आहे याचा विचार करा!

आधी पूर्ण एक फेरी मारा. दगडाकडे बघा. कोरडा असतो तिथे तो राखाडी, मळकट दिसतो. ओला असतो तिथे आरशासारखा काळा चकचकीत, आणि खालच्या फरशीवर गडद डाग. वारा ज्या बाजूला जातोय ती ओली बाजू. तुम्ही वाऱ्याच्या येणाऱ्या बाजूला बसायचं, म्हणजे वारा तुमच्याकडून पाण्याकडे जायला हवा. काठावर नॅपकिन धरून बघा कुठे उडतो, झालं.

आमच्या सासूबाई पहिल्या वेळी ऐकायला तयार नव्हत्या. नारायणपेठ साडी, आणि नेमकी चकचकीत जागा आवडली. मी म्हटलं, "आई, तिथे नको, भिजाल." "अगं किती स्वच्छ आहे बघ, आत्ताच पुसलेलं दिसतंय." बसल्या. पाणी तेव्हा अगदी खाली होतं, गुडघ्याएवढं. मग ते एकदम सगळं वर आलं, वाऱ्याने वाकलं आणि पाठीवर असं काही आलं की त्या उठल्या त्या पलीकडे जाऊन हसतच सुटल्या. आता घरी सगळ्यांना तेच सांगतात, ऑपेराचं नाव त्यांना आठवत नाही.

हे मुद्दाम सांगितलं, कारण हे कारंजं तसंच चालतं. तीनशेहून जास्त नळ्या आहेत, आणि त्या एकसारख्या उडत नाहीत. कधी बाहेरचं कडं, कधी मधला खांब, कधी सगळं बसून नुसती खळखळ. 'बंद पडलं' म्हणून लोक उठतात आणि पाठ फिरवली की मागे धाड्कन सगळं वर. म्हणून किमान पंधरा मिनिटं बसा, फोन खिशात. पाणी खाली बसतं त्या क्षणी चौकाचा आवाज ऐका, कोलंबसवरचे हॉर्न, उंच टाचांचा टकटक आवाज, कुठल्यातरी पोराचं रडणं, आणि मग पाणी उठलं की ते सगळं पुसून जातं. पंधरा मिनिटांत दोनतीनदा तरी होईल.

पोरं असतील तर: कड्यावर उभं राहून पळू देऊ नका, ओला ग्रॅनाइट साबणासारखा असतो. पाय आत सोडायचे नाहीत, आपल्याकडच्या घाटासारखं ते नाहीये.

## ९. फोटो शेवटी, आणि फोटोची जागा

बसून झालं, पाण्याची चाल कळली, आता फोटो. हा क्रम उलटा केला की काय होतं ते वर सांगितलंच.

कोलंबस अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला जा, कारंज्यापासून पंधरा-वीस पावलं मागे, मधल्या कमानीच्या सरळ रेषेत. लोक करतात काय, तर कड्याला चिकटून उभे राहतात, मग फोटोत माणूस आणि मागे नुसती पांढरी फवारणी, कुठेही काढल्यासारखी. माणूस कारंज्यापासून चार-पाच पावलं पुढे आणा, कॅमेरा आणखी मागे न्या, आणि जरा खाली धरा, कमरेच्या उंचीवर. मग पाणी, त्यावर कमानी आणि दोन्ही बाजूंना लाल-पिवळी चित्रं असं सगळं बसतं.

वेळ म्हणाल तर सूर्यास्तानंतर वीस ते तीस मिनिटं. आकाश पूर्ण काळं व्हायच्या आधी गडद निळं असतं, तेवढीच वेळ. फोनचा फ्लॅश बंद ठेवा, चालू असला की हवेतले तुषार पांढरे ठिपके होऊन चेहऱ्यावर येतात आणि सगळे विचारतात बर्फ पडत होता का. पाणी उंच गेलं की दाबू नका, वर जायला लागलं की दाबा, तोवर बसल्या बसल्या तुम्हाला अंदाज आलेला असतो. प्रत्येक फोटोनंतर लेन्स पुसा. ड्रोन घरी ठेवा, न्यूयॉर्क शहरात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

सकाळचेच जाणार असाल, समजा दुसरी वेळच नाही, तर त्याचाही फायदा आहे. पूर्वेचं ऊन इमारतीवर आणि चेहऱ्यावर सरळ पडतं, गर्दी नसते, चित्रं तेवढी मिळणार नाहीत.

## १०. ऑपेराचं किंवा बॅलेचं तिकीट असेल तर

शोची वेळ म्हणजे शोची वेळ. आपल्याकडे साडेसातचं नाटक पावणेआठला तिसऱ्या घंटेला सुरू होतं तसं इथे चालत नाही. एकदा दिवे गेले की मध्ये पडदा पडेपर्यंत आत सोडत नाहीत, आणि ऑपेराचा पहिला अंक तासाभराचाही असू शकतो. माझ्या ओळखीतलं एक जोडपं कारंज्यापाशी फोटो काढत राहिलं आणि शंभर डॉलरच्या तिकिटाचा पहिला अंक बाहेर स्क्रीनवर बघितला. तेव्हा पाऊण तास आधी बसून घ्या, अर्धा तास राहिला की उठा. हिवाळ्यात अंधार शोच्या आधीच होतो त्यामुळे फोटो आधी होऊन जातात. मे-जूनमध्ये इंटरव्हलला बाहेर या, तेव्हा निळं आकाश नसेल पण चौकात शोचीच माणसं असतात.

## ११. परत

परतीला ६६ वर डाउनटाउन ची पाटी बघून उतरा, चार स्टेशनं, ३४. परत येताना ५९ च्या कोलंबस सर्कलपर्यंत चालत जायचा मोह होतो, सपाट रस्ता आहे, जायला हरकत नाही, तिथूनही १ मिळते.

पेन स्टेशनमध्ये न्यू जर्सीच्या गाडीचा ट्रॅक सुटायच्या जेमतेम दहा मिनिटं आधी बोर्डावर लागतो आणि मग सगळी गर्दी एकदम पळते. म्हाताऱ्या माणसांना त्या लोंढ्यात उतरवू नका, ते बसलेत तिथेच राहू देत, एकाने बोर्डापाशी उभं राहायचं आणि ट्रॅक लागला की फोन करायचा, लिफ्ट किंवा सरकत्या जिन्याने शांतपणे खाली. रात्री गाड्या कमी होतात, तेव्हा ठरवलेली गाडी चुकली तर पुढची किती वाजताची आहे ते लिंकन सेंटरहून उठायच्या आधी बघा. आम्ही एकदा पाच मिनिटांनी गाडी चुकवली आणि तासभर भिजलेल्या मोज्यांनी पेन स्टेशनवर बसलो, तेव्हापासून बॅगेत कोरड्या मोज्यांचा एक जोड जादा असतो. वर लिहायचा राहिला तो, घ्या.